व्याह्याच्या दारात हॅटसकट

...आणि वर मलाच विचारतात, "खोआत, त्या हॅटला काय एवढं सोनं लागलंय?" मला! पंचावन्न वर्षांच्या माणसाला! तेहतीस वर्षं जिच्याखाली मी उभा आहे, तिच्याबद्दल! अहो, कुणाच्या बायकोबद्दल असं विचारतं का कुणी? म्हणजे माझ्या बायकोला माझ्याबद्दल रोज विचारतात, पण ते वेगळं. तर तुम्हाला सांगतो, आता जे सांगणार आहे ते सोळा आणे खरं आहे. वाडवडिलांच्या उदबत्तीची शपथ! ...बरं, वाडवडिलांना मध्ये नको, त्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे. आणि सोळा आणे म्हणजे तरी... पंधरा धरा. पण पंधरा पक्के!

आता आधी मी कोण ते कळू दे. आमच्या नाम दिन्ह गावच्या कापडगिरणीची ती लांबच लांब भिंत आहे ना, त्या भिंतीला माझं दुकान. दुकान म्हणजे काय, भिंतीत खिळा, खिळ्याला आरसा, आरशापुढं खुर्ची आणि खुर्चीमागं मी. वर ताडपत्री. केस कापतो, दाढी करतो, गिऱ्हाईक बसल्या बसल्या कानही साफ करून देतो. आणि हे सगळं करताना माझ्या डोक्यावर हॅट. तपकिरी, फेल्टची, पट्टी काळी, डावी कड जरा खाली. लोक म्हणतात, "न्हावी असून हॅट? टक्कल पडलं असेल!" टक्कल? अहो, या वयात माझ्या डोक्यावर जेवढे केस आहेत तेवढ्यात तिघांची लग्नं होतील! पण मी दिवसभर दुसऱ्यांची डोकी उघडी बघतो. खवडे बघतो, खोका बघतो, लहानपणी कुणी कुठं दगड मारला ते बघतो. गावात निदान एक डोकं तरी झाकलेलं असावं की नको?

म्हणून पहाटे उठलो, तोंड धुतलं, की आधी हॅट आणि मग बाकीचं. समोर चहाचा ठेला आहे, तिथं आम्ही हॅटवाले जमतो. पायजम्यावर! होय, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि वर हॅट. सून होणारी पोरगी पहिल्यांदा भेटली तेव्हा लाजत म्हणाली, "काका, पायजम्यावर हॅट?" म्हटलं, "बाळ, खाली काय चाललंय ते हॅटला कुठं दिसतं?" तिथं निवृत्त मास्तर असतात, त्यांची लोकरी चपटी टोपी. च्युंग असतो, सायकलरिक्षावाला, त्याची ती कडक हिरवी टोपी, पलटणीतली, तो तीत पाणीही पितो. आणि मी. तिघांच्या तीन तऱ्हा, पण तत्त्व एक. डोकं माझं, हॅट माझी... बाकी तुम्ही बोला!

सगळं सुरळीत चाललं होतं हो. आणि मग तो डिसेंबर आला. कायदा! मोटारसायकलवर बसाल तर हेल्मेट घाला. सगळ्यांनी. एका तारखेपासून. आदल्या दिवशी गावात नाना तऱ्हेची डोकी होती, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर काय, रस्त्यावर अंडीच अंडी! लाल अंडी, निळी अंडी, फुलाफुलांची अंडी... लोक त्याला भाताचा कुकर म्हणायला लागले, आणि तुम्हाला सांगतो, उगाच नाही म्हणत. माझी बायको लुआ एकदा बाजारातून हेल्मेटात वांगी घेऊन आली. शेजारणीच्या कोंबडीनं एकात अंडं घातलं. आणि तिच्या नवऱ्यानं घाईत तेच उचलून... जाऊ दे, तो बिचारा कामावर पोचला तोवर आम्लेट झालं होतं.

हेल्मेट वाईट असं मी म्हणत नाही. गाडीवर घालावं. डोकं फुटलं तर आमच्या धंद्यालाच मार आहे! पण माझी हॅट ठेवायची कुठं? खाली हॅट वर हेल्मेट घालून बघितलं, हॅटची भाकरी झाली. वर हॅट खाली हेल्मेट घालून बघितलं, बसेना. मग मी काय केलं माहितीये? हनोईला गेलो. टोपीवाल्याला म्हटलं, "माप घ्या." त्यानं फीत काढली. म्हटलं, "डोक्याचं नाही, हेल्मेटचं." तो माझ्याकडं बघत राहिला. आठ दिवसांत हॅट आली. काय सांगू तुम्हाला! तिच्यात दोन बदकं पोसली असती! डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर हॅट, आणि मी गाडीवर. चौकात पोलिसानं शिट्टी मारली. पोरगेला होता, मिसरूड फुटलेलं.

"काका, हेल्मेट कुठंय?"

"आहे."

"कुठं आहे?"

"घरात."

"घरात ठेवून काय उपयोग, काका?"

"या घरात," म्हटलं, आणि हॅट उचलून दाखवली.

बिचारा पुस्तक काढून बसला. अर्धा तास शोधत होता. हेल्मेटच्या खाली काय घालावं ते लिहिलेलं, वर काय घालावं ते कुणी लिहिलंच नव्हतं! शेवटी हात जोडून म्हणाला, "काका, तुम्ही जा. पण या चौकातून परत येऊ नका." जिंकलो की नाही? जिंकलो! आणि पुढच्याच वळणावर वारा आला, हॅटचा पतंग झाला आणि ती नदीपार गेली. अजून तिकडं कुणाच्या तरी म्हशीला सावली देत असेल.

मग मी गाडीच विकून टाकली. लुआ म्हणाली, "हॅटसाठी गाडी विकली?" म्हटलं, "कायदा मोडला नाही आणि हॅटही मोडली नाही. सांग, चुकलं कुठं?" ती म्हणाली, "लग्न केलं तिथं." पण मी ऐकलं नाही. डोकं माझं, हॅट माझी... बाकी तुम्ही बोला!

इथवर सगळं माझ्या एकट्याच्या डोक्याचं होतं. पण आमच्या क्वीनं, म्हणजे माझ्या एकुलत्या एक मुलानं, मुलगी पसंत केली. मिएन. गुणी पोर, हसली की समोरच्यानं वस्तरा खाली ठेवावा अशी. आणि बाप कोण? अहो, या गावात बाप काय कमी होते? गिरणीतला फिटर चालला असता. मासेवाला चालला असता. पण नाही! मिएनचा बाप निघाला लापशेठ. हेल्मेटवाला लापशेठ! कालपरवापर्यंत पुलापलीकडं प्लॅस्टिकच्या बादल्या विकायचा. कायदा आला आणि यानं बादल्या आत टाकल्या, हेल्मेटं बाहेर टांगली. मी तर म्हणतो, बादल्यांनाच पट्टे लावले. तीन महिन्यांत दुकानाचे दोन मजले!

या लापशेठची एक खोड. बोलताना हाताला लागेल त्या वस्तूवर टकटक करायचं. हेल्मेट दाखवून दाखवून लागलेली सवय. पहिल्या भेटीत यानं टेबलावर टकटक केलं, किटलीवर टकटक केलं, आणि बोलता बोलता काय केलं असेल? माझ्या हॅटवर! माझ्या डोक्यावर असलेल्या हॅटवर टकटक! आणि म्हणतो, "व्याहीबुवा, यात काही दम नाही. आवाजच येत नाही."

म्हटलं, "लापशेठ, आवाज पोकळ वस्तूचा येतो."

झालं! क्वीनं डोळे मिटले. लुआनं टेबलाखालून मला अशी लाथ घातली की चहा लापशेठच्या कपातला सांडला.

मग साखरपुडा ठरला. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्यात मुलाकडच्यांनी वाजतगाजत मुलीच्या घरी जायचं. लाल कपड्यानं झाकलेली ताटं. सुपारी, विड्याची पानं, चहा, दारू, कमळाच्या बिया, केक. ताटं सात, सहा नाही आणि आठ नाही, उचलायला बिनलग्नाची सात पोरं, दारात घ्यायला बिनलग्नाच्या सात पोरी. पंचांगवाल्यानं मुहूर्त दिला, सकाळी नऊ ते अकरा. अकराच्या आत ताटं घरात गेली पाहिजेत. एक मिनिट इकडं तिकडं झालं तर लापशेठसारखा माणूस... अहो, तो दुकानाचं कुलूपसुद्धा पंचांग बघून उघडतो! त्याच्या थोरल्या पुतणीची सोयरीक अशीच मोडली होती, पाहुणे वीस मिनिटं उशिरा आले म्हणून. ते क्वीलाही ठाऊक होतं. पोरगा आठ दिवस आधीपासून घड्याळाला किल्ली देत होता.

आणि चार दिवसांवर साखरपुडा असताना लापशेठचा निरोप आला. माणूस आणि सोबत मोठं खोकं. खोक्यात लाल हेल्मेटं. प्रत्येकावर सोनेरी अक्षरांत त्याच्या दुकानाचं नाव. निरोप काय? तर मुलाकडच्यांनी सगळ्यांनी मोटारसायकलवर यायचं, ही हेल्मेटं घालून. पुढं मुलाचा बाप. "फोटोवाला सांगितलाय. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर आपलाच फोटो. व्याह्याच्याच डोक्यावर हॅट दिसली तर गिऱ्हाईक म्हणेल, याच्या घरचेच घालत नाहीत, मग आपण कशाला घ्यायचं?"

म्हणजे माझ्या पोराचा साखरपुडा आणि त्याच्या दुकानाची जाहिरात! मी म्हटलं, "लाल हेल्मेटं पोरं घालतील. मी नाही."

लुआ म्हणाली, "अहो, पोराचं लग्न आहे, तुमच्या डोक्याचं नाही."

"मी मोटारसायकलवर बसतच नाही, मग हेल्मेट कशाला?"

"मग जाणार कसे? उडत?"

"च्युंगच्या रिक्षातून!"

क्वी नुसता एकदा माझ्याकडं बघून बाहेर गेला, आणि बाहेर जाऊन त्यानं उगाचच सायकलला हवा भरली. भरलेल्या चाकात. मला काय कळत नव्हतं? कळत होतं हो. पण माणसानं एकदा ‘नाही’ म्हटलं की त्या ‘नाही’ची पण काही अब्रू असते! डोकं माझं, हॅट माझी... बाकी तुम्ही बोला!

आणि निघालो. काय ती वरात! पुढं च्युंगची सायकलरिक्षा, तिच्यात मी, सूट घालून, हॅट घालून, छातीवर लाल फूल, एकटा राजासारखा. आमच्याकडच्या रिक्षात गिऱ्हाईक पुढं आणि चालवणारा मागं, तेव्हा मागं च्युंग पेडल मारतोय, त्याची हिरवी टोपी घामानं डोळ्यांवर. आणि त्यामागं सात मोटारसायकली, सात लाल हेल्मेटं, सात लाल ताटं, त्याशिवाय एका गाडीवर क्वी, एकीवर लुआ. आणि सगळ्या गाड्या कुठल्या वेगानं? च्युंगच्या गुडघ्यांच्या! मुलाच्या बापाच्या पुढं कसं जायचं? रीत नाही! त्यामुळं गाड्या घुर्र घुर्र करत, पाय टेकत टेकत मागनं. वर भुरभुर पाऊस. रस्त्यावरच्या बायका विचारायच्या, "कोण गेलं गं?" त्यांना वाटलं प्रेतयात्रा.

सव्वानऊला निघालो. बाजारात साडेनऊ. दहाला पुलाजवळ. आणि दो क्वानच्या पुलाचा चढ! च्युंग मागनं म्हणतो, "खोआत्या, उतर."

म्हटलं, "नवऱ्या मुलाचा बाप चालत जातो होय?"

"मग हॅट तरी काढ, तेवढंच वजन कमी!"

"हॅटचं वजन किती रे?"

"हॅटचं नाही, तुझ्या ताठ्याचं!"

पूल अर्धा चढला आणि चेन तुटली. पडली नाही, तुटली! मग सात ब्रह्मचाऱ्यांनी गाड्या कडेला लावल्या, ताटं सीटवर बांधली, आणि सगळे मिळून मला ढकलायला लागले. लाल हेल्मेटं खाली वाकलेली, मी वर बसलेलो. पलीकडच्या उतारावर मग रिक्षाला ब्रेक कुठला! पुढं कोण बसलंय? मी! आपटलं तर पहिल्यांदा कोण? मीच! त्या दोन मिनिटांत, तुम्हाला खरं सांगतो, कुणी हेल्मेट दिलं असतं तर... घेतलं नसतं! नाही! हॅट दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा लापशेठचं दार होतं आणि दुकानातल्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

दारात लापशेठ. निळा सूट. बाजूला फोटोवाला, तिपाई लावून तयार. सात पोरी उभ्या, ताटं घ्यायला हात पुढं केलेल्या. वरच्या खिडकीचा पडदा हलला. मिएन. तिनं बोलावल्याशिवाय खाली यायचं नसतं, पण पडदा हलवायला कुणाची परवानगी लागते? आणि लापशेठच्या हातात ताट. ताटावर लाल कपडा. कपडा काढला. खाली काय? हेल्मेट! इतरांपेक्षा मोठं, सोनेरी काठ असलेलं, माझ्यासाठी मुद्दाम!

"या व्याहीबुवा. ही हॅट काढा, हे चढवा, एक फोटो, आणि चला आत."

म्हटलं, "आत देवघरापुढं हॅट मी माझ्या हातानं काढीन. वाडवडिलांपुढं उघड्या डोक्यानं उभं राहायचं हे मला कुणी शिकवायला नको. पण दारात नाही. दुकानदाराच्या हुकमानं तर नाहीच!"

"गल्ली बघतेय, व्याहीबुवा."

"बघू दे. तेहतीस वर्षं बघतेय."

"मग ताटं दाराबाहेरच राहतील," लापशेठ म्हणाला, आणि दाराच्या चौकटीवर टकटक केलं.

अकराला आठ. सात पोरं, सात पोरी, मधे सात ताटं, आणि सुपारीवरनं पावसाचं पाणी ठिबकतंय. लुआ हेल्मेट हातात घेऊन उभी होती, तिनं ते माझ्याकडं फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मारलं नाही. अकराला सात. आणि क्वी पुढं आला. माझ्याजवळ उभा राहिला. आणि नुसतं म्हणाला, "बाबा." काढा नाही, घाला नाही. नुसतं बाबा. पाच वर्षांचा असताना गिरणीच्या भोंग्याला घाबरून म्हणायचा तसं.

तुम्हाला सांगतो... माझा हात वर गेला. कडेपर्यंत गेला. ही दोन बोटं कडेला लागली.

आणि आतनं आवाज आला, "अहो!"

सगळे वळले. लापशेठची आई! ऐंशी उलटलेली, काठी टेकत, दात जुन्या रीतीनं काळेभोर रंगवलेले, डोक्याला काळं मखमली फडकं. आता या म्हातारीचं तुम्हाला सांगायला पाहिजे. तिचे डोळे गेलेले. अगदी ठार नाही, पण माणूस नुसता आकार म्हणून दिसायचा, ढगासारखा. तिचा नवरा जाऊन तीस वर्षं झालेली. तो हॅट घालायचा, जन्मभर. त्याचा फोटो देव्हाऱ्यावर होता, हॅटसकट. पण लापशेठ हेल्मेटवाला झाला आणि त्याला ती हॅट खुपायला लागली. त्यानं गेल्या तेतला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, स्टुडिओत फोटो दिला, हॅट काढून घेतली, डोक्यावर काळेभोर केस रंगवून घेतले, भांग पाडून घेतला, गळ्यात टाय घातला! मेलेल्या बापाला! मिएननंच सांगितलं होतं लुआला. म्हातारीला कुणीतरी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला केस असते तर त्यानं हॅट कशाला घातली असती? हा कोण बँकेतला माणूस आणून बसवलाय?" आणि त्या दिवसापासून तिनं देव्हाऱ्याकडं पाठ केली. परपुरुषाला उदबत्ती लावणार नाही म्हणाली!

तर ती म्हातारी आली. काठी आपटत आली. माझ्यासमोर थांबली. मान वर केली, हॅटकडं बघितलं. आणि म्हणाली, "अहो, तीस वर्षं! तीस वर्षं कुठं होतात?"

मी मागं बघितलं. मागं च्युंग होता. च्युंगनं मान हलवली, मी नव्हे.

"तुम्हालाच विचारतेय! चहा पिऊन येतो म्हणून गेलात. पोरं मोठी झाली, घर वर गेलं, छपरं गळली, मी एकटीनं काय काय बघितलं! आणि आलात ते असे, पाहुण्यासारखे दारात उभे? घर कुणाचं आहे?"

लापशेठ पुढं आला, "आई, हे मिएनचे सासरे होणार—"

"गप रे! बापापुढं तोंड वर करून बोलतोस? आणि तो केसाळ माणूस आधी खाली काढ. बाप आला तरी त्याच्या जागेवर बसलाय!"

फोटोवाल्यानं फोटो काढला. कशाचा ते त्यालाच ठाऊक. आणि म्हातारीनं माझी बाही धरली आणि मला ओढत आत नेलं. हॅटसकट! बाप आत गेल्यावर ताटं बाहेर राहतात होय? पोरांनी ताटं दिली, पोरींनी घेतली, आणि शेवटचं ताट उंबऱ्याच्या आत आलं तेव्हा अकराला तीन मिनिटं होती!

आता गंमत ऐका. आत देव्हारा. मी माणसात वाढलेला माणूस आहे, देव्हारा दिसल्याबरोबर हात हॅटकडं गेला. काढणार, तोच म्हातारीनं हातावर फाडकन मारलं. "डोक्याला गारठा लागेल. आहे का तिथं काही?" मला ओरडून सांगावंसं वाटलं, आहे हो आज्जी, भरपूर आहे, तिघांची लग्नं होतील एवढं! पण तोवर तिनं मला देव्हाऱ्याखालच्याच खुर्चीवर बसवलं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मला हॅट काढायची होती आणि काढू देत नव्हते! आणि लापशेठ उदबत्त्या घेऊन आला. वाकला. तीनदा. देव्हाऱ्याला वाकला तो, पण मधे कोण होतं? मान खाली, हात जोडलेले, हेल्मेटवाला लापशेठ, माझ्या हॅटपुढं! मी आशीर्वाद देऊन टाकला. काय करणार, म्हातारी बघत होती.

मग क्वी वर गेला आणि मिएनला घेऊन खाली आला. दोघांनी चहा ओतला. मिएननं पहिला कप माझ्या हातात दिला आणि तिचे ओठ असे घट्ट मिटलेले, हसू फुटू नये म्हणून.

कॅलेंडर छापलंच नाही. पण देव्हाऱ्यावरचा फोटो बदलला. लापशेठनं स्वतः स्टुडिओत नेला. जुना फोटो केव्हाच फेकून दिलेला, मग हॅट आणायची कुठली? मला बोलावणं आलं. फोटोवाल्यानं माझी हॅट टेबलावर ठेवली, चारी बाजूंनी फोटो काढले आणि बसवली म्हाताऱ्याच्या डोक्यावर. डावी कड जरा खाली. म्हणजे आता लापशेठच्या घरात रोज ज्यांना उदबत्ती लागते ते पूर्वज त्यांचे आणि हॅट माझी! लापशेठ अजून देव्हाऱ्यापुढं उभा राहिला की त्याचा हात टकटक करायला उठतो आणि तसाच खाली येतो.

हॅट उतरली का? नाही! पोलिसापुढं नाही, व्याह्यापुढं नाही, देवापुढंसुद्धा...

बरं. पंधरा आणे म्हटलं होतं ना? तर आता सगळे माझ्याकडं असे बघताय म्हणून सांगतो. मोठी हॅट? खरी. बदकं दोन नसती मावली, एक मावलं असतं. चेन? तुटली. आम्लेट? शेजाऱ्याला विचारा, त्यानं अजून ते हेल्मेट घातलेलं नाही. खोटं एकच. म्हातारीचे डोळे.

तिचे डोळे ठणठणीत आहेत हो. पोरगा दुकानात असला की सुईत दोरा स्वतः ओवते, हात लांब धरून. त्या दिवशी मी निघालो तेव्हा दारापर्यंत आली आणि कानाशी हळूच म्हणाली, "कानावरचे केस वाढलेत तुझे. न्हावी ना तू? लोकांचे कापतोस, स्वतःचे कोण कापणार?" मी जागच्या जागी उभा! म्हणजे तिला पहिल्यापासून... दारातनं, पडद्यामागनं, सगळं दिसत होतं. पोराचा ताठा, माझा ताठा आणि घड्याळ.

मी तिला आंधळी आंधळी म्हणून सांगत फिरतो, कारण लापशेठला कळलं की आईनं शुद्धीत असून केलं, तर त्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तेव्हा तुम्हीही त्याला सांगू नका. हेल्मेटवाला असला तरी शेवटी व्याही आहे माझा.

आता दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला मला तिकडं बोलावणं असतं. देव्हाऱ्यावर फोटो आलाय, हॅट आलीय, मग मी कशाला? तसं मी एकदा विचारलंही. ती म्हणाली, "फोटोवर ओरडून काय उपयोग? त्याला कान कुठं आहेत?" तेव्हा जातो, खुर्चीवर बसतो, हॅट डोक्यावर. ती चहा देते आणि सुरू होते. छप्पर कधी गळलं, कुणाचं बाळंतपण कुणी केलं, पुरात तांदूळ कुणी वाचवला, आणि मी कुठं होतो? सगळं ऐकतो. घरी लुआची बोलणी असतातच, ती माझ्या वाटणीची. ही दुसऱ्याच्या वाटणीची. आणि मी, ज्यानं आख्ख्या कायद्याला अर्धा तास पुस्तक चाळायला लावलं तो मी, खाली मान घालून म्हणतो, "चुकलं. पुन्हा इतका उशीर नाही करणार."